पडद्यावरचा तुटलेला रस्ता

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर मी लोकांच्या घरी जाऊन मॉनिटर लावते. हे सांगितलं की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रश्न दिसतो, त्यात लावायचं काय असतं? एक वायर विजेची, एक कॉम्प्युटरची, बटण दाबलं की चालू. बरोबर आहे. चालू कोणीही करतं. मला बोलावणं येतं ते त्यानंतर, जेव्हा घरातलं कोणीतरी म्हणतं, "दिसतंय, पण बरोबर दिसत नाही."

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा माझा पट्टा. राहते बेलवलीत. कामाची सुरुवात केली उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका सिंधी शेठच्या दुकानात. लागले होते बिलं करायला. शेठनी एकदा मला स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेलं पाहिलं आणि बिलांचं काम दुसऱ्याला दिलं. तेव्हाचे मॉनिटर मागे मोठी ढेरी असलेले. बिघडला की लोक तो चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन यायचे, आजारी माणसाला दवाखान्यात आणावं तसे. शेठची शिस्त होती, "पहले बिठाओ, पानी पिलाओ, फिर पूछो तकलीफ क्या है." मॉनिटर खोलून होईपर्यंत माणूस बाकड्यावर बसून पोराची दहावी, भाडेकरूची कटकट, नळाचं पाणी, सगळं सांगून मोकळा व्हायचा. कधीकधी मॉनिटर लवकर दुरुस्त झाला तर मलाच चुकल्यासारखं वाटे.

शेठ गेले. मुलांनी दुकान विकलं, तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. त्या रस्त्याने जाताना माझी स्कूटर आपोआप हळू होते. मॉनिटर आता खोक्यात बसून परस्पर घरी येतात. मांडीवर काही घेऊन कोणी कुठे जात नाही. म्हणून मीच जाते.

आता त्या "बरोबर दिसत नाही" बद्दल. हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगते.

समजा, घरात पंगत बसली आहे. एक बाई तव्यावर पोळ्या भाजते, दुसरी वाढते. भाजणारीचा वेग सारखा नसतो. एक पोळी पटकन फुगते, दुसरी रेंगाळते. पण वाढणारी अशी की ठरलेल्या ठोक्याला ताटापाशी जायचं म्हणजे जायचंच. ती उचलायला आली तेव्हा नवी पोळी अर्धीच भाजलेली असेल, तर तेवढी अर्धी घेते, उरलेली जागा आधीच्या पोळीच्या तुकड्याने भरते आणि वाढते. कॉम्प्युटर चित्रं तयार करतो, मॉनिटर ती वाढतो. दोघांचा मेळ बसला नाही की पडद्यावर वरचा भाग एका क्षणाचा आणि खालचा दुसऱ्या क्षणाचा. मधे आडवी फाट. पत्र लिहिणाऱ्याला ती जाणवतही नाही. पण वेगाने सरकणारं चित्र बघणाऱ्याला, म्हणजे मुख्यतः गेम खेळणाऱ्याला, ती डोळ्यात खुपते. व्हेरिएबल रिफ्रेश रेट म्हणजे वाढणारीला एवढंच सांगणं की बाई, ठोका सोड, तव्याशी उभी राहा, पोळी उतरली की घेऊन जा. आमच्याकडे पोरं याला नुसतं "सिंक" म्हणतात.

ही सोय चालू करायला चार ठिकाणी होकार लागतो. वायरचा, मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूचा, कॉम्प्युटरच्या आत चित्रं बनवणाऱ्या ग्राफिक कार्डाचा आणि विंडोजच्या सेटिंगचा. एकाने जरी मान डोलावली नाही तरी बाकी तिघांचा उपयोग नाही. माझा क्रम ठरलेला आहे, वायरपासून सुरुवात. तो मी मोडत नाही, समोरचा कितीही घाई करो.

कॅम्पमधल्या एका जीन्सच्या व्यापाऱ्याने मुलासाठी भारी मॉनिटर घेतला होता. मी सिंक चालू केलं आणि कोपऱ्यात आकडा दाखवला, पडदा सेकंदाला किती वेळा बदलतो तो. आकडा हलत होता. व्यापारी भडकले. "मॅडम, डब्बे पे एक सौ पैंसठ लिखा है. ये तो ऊपर-नीचे हो रहा है! मुझे पूरा चाहिए."

"शेठ, ऊपर-नीचे होना ही चाहिए. वही तो काम है इसका."

"ऐसे कैसे? मशीन है कि मूड है?"

आतून त्यांची बायको म्हणाली, "आपका बीपी दिन भर ऊपर-नीचे होता है, उसको आप नॉर्मल बोलते हो. इसको भी बोलो."

उलटं गिऱ्हाईकही भेटतं. बेलवलीत एक जण लग्नाचे अल्बम करतात. त्यांनी कुठेतरी वाचून सिंक चालू केलं आणि मला फोन केला, "ताई, नवरदेवाची काळी शेरवानी लुकलुकतेय." काही मॉनिटरांवर ही सोय चालू असली की गडद रंग थरथरतात. त्यांच्याकडे जाऊन मी फक्त ती बंद करून आले. त्यांना वाटलं मी आणखी काहीतरी करायला हवं होतं. पण स्थिर फोटोवर काम करणाऱ्याला तव्याशी उभी राहणारी बाई लागतच नाही.

आता सोनिवलीची गोष्ट.

मागच्या वर्षी कॅनडाहून फोन आला. "ताई, मी रूपेश. सोनिवलीला माझे आईवडील असतात. पप्पांना मॉनिटर पाठवलाय. दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघं त्यावर ट्रक चालवतो. गेम आहे. मी इथून, ते तिथून, एकाच रस्त्यावर. पण सिंकचा ऑप्शनच दिसत नाही. मी इथून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून सगळं तपासलं."

"वायर तपासलीत?"

"वायर इथून कशी तपासू?"

"म्हणूनच मी आहे," म्हटलं, आणि रविवारची वेळ घेतली.

नव्या टॉवरपैकी एकात वरच्या मजल्यावर घर. दार उघडलं ते रूपेशच्या वडिलांनी, धर्माकाकांनी. आयुष्यभर विटांचा ट्रक चालवलेला माणूस. गुडघे गेल्यावर गाडी विकली. गावातलं घर पाडून ही बिल्डिंग झाली, त्यात फ्लॅट मिळाला.

"काय गो बाय, तू आलीस? रूपेश बोलला इंजिनिअर येनार."

"मीच ती, काका."

"मग बस. पानी पी."

पाणी काकींनी आणलं. मला एकदम शेठ आठवले. या पट्ट्यात आधी पाणी देणारी घरं अजून शिल्लक आहेत.

हॉलमध्ये टीपॉयला खेळातलं स्टिअरिंग पकडीने बसवलेलं, समोर मोठा मॉनिटर, आणि मॉनिटरच्या खालच्या कडेला लिंबू-मिरची टांगलेली. काका बसले. स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि गाडी काढली. वळण आलं की हॉर्न, समोरून गाडी आली की दिवा खाली. पडद्यावर परदेशातला मोकळा रस्ता होता, पण काका तो कसारा घाटासारखाच चालवत होते.

वळणावर फाट दिसली. कडेचं झाड कमरेतून कापल्यासारखं, वरचा भाग मागे, खालचा पुढे. काकांनी ब्रेक मारला.

"बघितलंस? रस्ता मधीच तुटतो. तुटलेल्या रस्त्यावर गाडी कोन घालतो? मी थांबतो. पोरगा पुढं जातो, मग कडेला गाडी लावून माजी वाट बघत बसतो."

"आणि डोकं?"

"भरल्या गाडीनं घाट उतरलोय, कधी गरगरलं नाय. हितं खुर्चीत बसून गरगरतं."

"मागच्या रविवारी उलटी झाली यांना," काकी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "मी बोलले, बास झालं. आजचा दिवस शेवटचा. पोराला मातर सांगत नाय हे."

"सांगितलं तं तो बोलंल बंद करा." काकांनी स्टिअरिंग सोडलं आणि माझ्याकडे वळले. "बंद केलं तं मग काय उरलं, सांग? फोनवर काय बोलतो तो? जेवलाव का, बरं हाय का, हितं थंडी हाय. झालं. गाडीत बसला का बोलतो. लहानपनीपन असाच. घरात मुका, माज्या बाजूला केबिनमध्ये बसला का तोंड चालू. विटा उतरवून होईस्तो गप बसायचा नाय."

काकी ओट्याकडे वळल्या, कान मात्र इकडेच होते. हा मॉनिटर हॉलमध्ये का ठेवला आहे ते मला कळलं. स्वयंपाकघरात आवाज पोहोचावा म्हणून.

मी क्रमाप्रमाणे वायरकडे वळले. मॉनिटरची वायर खाली कॉम्प्युटरकडे जायच्या ऐवजी थेट भिंतीत गेली होती. भिंतीतून बाहेर कुठे येते ते शोधत आतल्या खोलीपाशी गेले. दार लोटलेलं. आत पलंग, त्यावर इस्त्री केल्यासारखी चादर, कोपऱ्यात टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, जुना कीबोर्ड, पेनांचा डबा. सगळं पुसलेलं. भिंतीतून वायर इथे येऊन कॉम्प्युटरला लागली होती.

"ही कोणाची खोली?"

"रूपेशची," काकी म्हणाल्या. त्या माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. "जुन्या घरातलं त्याचं टेबल, तसंच्या तसं आनून लावलंय. पेन पन त्याच डब्यात हायेत."

"इथे राहत होता तो?"

"हितं कुठला? बिल्डिंग झाली त्याच्या आदी गेला. आला का राहील."

इंटिरिअरवाल्याने भिंतीच्या आतून लांबलचक वायर ओढून दिली होती, म्हणजे कॉम्प्युटर मुलाच्या टेबलावर आणि पडदा हॉलमध्ये. आमच्या भागात नव्या फ्लॅटमध्ये कुठलीही वायर दिसता कामा नये असा दंडक आहे. मी असल्या भिंती पुष्कळ पाहिल्या आहेत, त्यात पुरलेल्या वायरी बघून मनातल्या मनात कपाळाला हात लावला आहे. पण दोन खोल्यांच्या मधे भिंतीतून वायर नेण्यामागे हे कारण असलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

घोळ तिथेच होता. या मॉनिटरला सिंक डिस्प्ले पोर्ट नावाच्या वेगळ्या वायरीतूनच चालतं, आणि ती वायर फार लांब चालत नाही. भिंतीतली वायर होती जुन्या प्रकारची. चित्र आणत होती, एवढंच तिचं काम. त्यामुळे बाकी तिघांनी होकार देऊनही उपयोग नव्हता.

मी दोघांना हॉलमध्ये बसवून सरळ सांगितलं. "कॉम्प्युटर आणि पडदा जवळ यायला हवेत. एक तर कॉम्प्युटर बाहेर हॉलमध्ये आणू. नाहीतर मॉनिटर आत खोलीत नेऊ. खोक्यातली छोटी वायर पुरते, नवीन काही घ्यायला नको."

"टेबलावरनं काय हलवायचं नाय," काकी म्हणाल्या.

"मग मॉनिटर आत नेऊ."

"आत टीपॉय, खुर्ची, यांचं सगळं बिऱ्हाड? तो आला तं राहील कुठं?"

"अगो, तो काय उद्या येतो?" काका म्हणाले.

"तुमी गप बसा. ताई, भिंत फोडून दुसरी वायर टाका ना. लांबची भारीवाली येत असंल."

"येते. पण वायरची भिंतीतली नळी मधे दोन ठिकाणी वळलीय, नवी वायर आत सरकणार नाही. अख्खी भिंत उकरावी लागेल, वरचं पीओपीसुद्धा."

"उकरा. भिंत फोडा, पन त्या खोलीला हात लावू नका."

काकांनी हात जोडल्यासारखे केले. "ऱ्हाऊ दे गो बाय. नाय खेलत मी. वय झालं माजं."

एवढं बोलून त्यांनी खरोखरच स्टिअरिंगची पकड सैल करायला घेतली. काकी तिकडे बघत नव्हत्या.

अशा वेळी मी वाद घालत नाही. शेठकडून शिकलेली गोष्ट आहे. गिऱ्हाइकाला पटवायचं नाही, दोन चित्रं दाखवायची आणि गप्प राहायचं. मी म्हटलं, "काकी, फक्त दाखवते. पडदा आत नेते, टीपॉयही आत नेते. टेबलाला धक्का लावणार नाही. बघा, नको वाटलं तर सगळं होतं तिथे ठेवते आणि निघते."

त्यांनी पदर खोचला. "टेबलाला लागनारच ना हात. वायर कशी लावाल?"

"कॉम्प्युटरच्या मागे एक वायर काढायची, एक घालायची."

"मी लावते. तुमी सांगा कुठं."

मॉनिटर मी उचलला, टीपॉय काकांनी सरकवत आणला. बसायला हॉलमधली काकांची खुर्ची आत आणली. काकी टेबलामागे वाकल्या. मी बोटाने दाखवत होते, "वरचं नाही काकी, ते दुसऱ्या कामाचं. खाली, आडवं. एका बाजूचा कोपरा कापलेला आहे ना, तो बघून घाला."

"जात नाय."

"उलटं धरलंय. फिरवा."

खटकन आवाज आला. त्यांनी वायर ओढून पाहिली, सुटली नाही, तेव्हा हात बाजूला घेतला. जाता जाता पेनांचा डबा पुन्हा सरळ केला, जरी तो हललेला नव्हता.

मग माझं काम. मॉनिटरच्या मेनूत सोय चालू केली. ग्राफिक कार्डाच्या खिडकीत इतके दिवस न दिसणारा पर्याय आता दिसत होता, त्यावर खूण केली. विंडोजमध्ये पडद्याचा वेग वाढवला आणि तिथलाही होकार घेतला. काकांना म्हटलं, "काढा गाडी."

स्टिअरिंगला हात, हात कपाळाला, आणि गाडी निघाली. पहिलं वळण आलं. झाड आख्खं आलं आणि आख्खं मागे गेलं. दुसऱ्या वळणावर त्यांचा पाय ब्रेककडे गेला आणि तसाच परत आला. तिसऱ्या वळणाला त्यांनी हॉर्न मारून गिअर टाकला.

तेवढ्यात रूपेश जोडला गेला. त्याच्याकडे सकाळ होती. त्याचा ट्रक पुढे दिसू लागला, मग बाजूला आला, मग आरशात गेला.

"अहो पप्पा! आज तुम्ही पुढे? काय प्यायलात काय?"

"चहा. तुज्या आयशीनं केलेला." काका हसले. "रस्ता नीट झाला रे. कुठं तुटत नाय."

"ताईंनी केलं?"

"ताईनं सांगितलं, आयशीनं केलं. आता तुज्या खोलीत बसलोय."

"कुठल्या खोलीत?"

"तुज्या रे. आतल्या."

रूपेशचा ट्रक जरा हळू झाला. मग रूपेश म्हणाला, "पप्पा, ती माझी कुठली? मी एक दिवस तरी राहिलोय का तिथे? तुमचंच घर आहे ना. वापरा की नीट."

तो मनापासून बोलला होता, आईवडिलांनी ऐसपैस राहावं म्हणून. काकी दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी भिंतीतून लोंबणारं जुन्या वायरीचं टोक गुंडाळायला घेतलं.

काकांनी आरशात बघून दिवा दिला, मुलाला पुढे जाऊ दिलं आणि त्याच्या मागे लागले. रूपेश बोलू लागला होता. शेजारच्या पंजाबी बाईने पाठवलेले पराठे, गोठलेल्या रस्त्यावर बससाठी धावताना पडलेला साहेब, भात कधीच मोकळा होत नाही ही तक्रार. काकी न राहवून म्हणाल्या, "पानी जास्ती घालतोस तू."

"आई? तू पण आहेस? कुठेयस?"

"हाय हितंच. दारात."

"दारात काय उभी राहिलीस? बस ना. पुढे नदी येईल, मोठा पूल आहे. बघ."

बसायला पलंगाशिवाय जागा नव्हती. काकी कडेला टेकल्या आणि चादरीखाली करकर असा आवाज झाला. गादी कंपनीच्या प्लास्टिकमध्येच होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तो आला का त्यानंच फाडायचं, म्हनून ठेवलेलं." मग हलल्या नाहीत, आवाज होऊ नये म्हणून अंग चोरून बसल्या.

पूल आला. नदी रुंद होती, संध्याकाळचं ऊन पाण्यावर पसरलेलं, आणि पुढचा ट्रक आणि मागचा ट्रक एका चालीने पुलावरून जात होते. रूपेश सांगत होता की त्याच्या घराजवळही अशीच नदी आहे, आपल्या उल्हासपेक्षा मोठी, पण तिच्यात कोणी पोहत नाही. काका हो हो करत होते. काकींनी जरा पुढे सरकून बघायचा प्रयत्न केला, प्लास्टिक वाजलं, त्या थांबल्या. पुन्हा सरकल्या, पुन्हा वाजलं.

मग त्या उठल्या. चादरीचं एक टोक गादीखालून ओढून काढलं, मग दुसरं. "ताई, कात्री हाय का तुमच्याकडं?"

माझ्याकडे वायर कापायची होती, ती दिली. त्यांनी कोपऱ्याशी एक चीर पाडली, दोन्ही हात घातले आणि ओढलं. अख्खी खोली त्या टरकन आवाजाने भरली.

"पप्पा, कसला आवाज येतोय? काय पडलं मागे?"

काकांनी मान वळवून बघितलं. स्टिअरिंगवरचे हात तसेच होते.

"काय नाय रे," काकींनीच उत्तर दिलं, प्लास्टिक ओढता ओढता. "तू समोर बघून चालव."